कच्छचं रण: पाण्याच्या खुणांमागे सात दिवस

मराठी माणसाला 'रण' म्हटलं की तलवारी आठवतात. कच्छमधल्या रणाचं नातं मात्र संस्कृतातल्या 'इरिण' या शब्दाशी लावतात. इरिण म्हणजे खारट, नापीक जमीन. बहुतेक पर्यटक या जमिनीचा एकच तुकडा बघतात. धोरडोला जायचं, पांढऱ्या मिठावर सूर्यास्ताचा फोटो काढायचा, भुजमध्ये शाल घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची. त्याच रणाच्या कडेला हडप्पाकालीन शहर आहे, ज्युरासिक काळातली दगड झालेली झाडं आहेत, नदी गमावलेलं बंदर आहे आणि मंगळाच्या अभ्यासकांना हवी असलेली माती आहे. तिकडे फार कमी गाड्या वळतात.

या सगळ्या ठिकाणांचं गणित पाण्याचं आहे. कुठे समुद्र हटला, कुठे नदीने पाठ फिरवली, कुठे माणसांनी पावसाचा थेंब न् थेंब अडवला. सहलीचं नियोजनही पाण्यावरूनच करावं लागतं, कारण पाणी कधी सुकतं यावर तुम्हाला काय दिसणार हे ठरतं.

कधी जायचं

मोठं रण समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम वर आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत ढकलतो, वरून पावसाचं आणि राजस्थानातून येणाऱ्या लुणीसारख्या नद्यांचं पाणी उतरतं. या पसाऱ्यावर उथळ पाण्याची चादर तयार होते. पाऊस थांबला की ती आटू लागते आणि शेवटी मीठ उरतं. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर बऱ्याचदा करडा चिखल आणि चकाकणारं पाणी दिसेल. रणोत्सवाचे तंबू तोवर उभे राहिलेले असतात, पण तंबू लागले म्हणजे मीठ वाळलं असं नाही. लोकांची सर्वात मोठी फसगत इथेच होते. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ भरवशाचा. पाऊस जोरदार झाला असेल तर जानेवारीच धरा. मार्चमध्ये मिठावर धूळ बसून ते मळकट होतं आणि दुपारी बाहेर उभं राहवत नाही.

पौर्णिमेच्या रात्री पांढऱ्या रणात तुफान गर्दी असते आणि राहण्याचे दर चढतात. त्याऐवजी पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची रात्र धरा. तेव्हा सूर्य मावळताना चंद्र बराच वर आलेला असतो, त्यामुळे सूर्यप्रकाश जाऊन चांदणं कधी सुरू झालं ते कळतही नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि मधला काळोख थंडीत कुडकुडत काढावा लागतो. थंडीला कमी लेखू नका. दिवसा सुती कपडे पुरतात, पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं आणि रणात वाऱ्याला आडोसा नसतो.

गाडी, कागदपत्रं, सामान

मुंबईहून भुजला थेट रेल्वे आहे, विमानही आहे. भुजमध्ये चालकासह गाडी ठरवणं सगळ्यात सोयीचं. साधी सेडान पुरते. फोर-व्हील-ड्राइव्हचा आग्रह धरणारे लोक मनात रणावर गाडी घालायचा बेत आखून येतात, आणि ती गोष्ट मुळात करायचीच नाही (कारण पुढे येईल). खाली दिलेली फेरी साधारण साडेसातशे ते आठशे किलोमीटरची होते. एसटीने लखपत-नारायण सरोवर कसंबसं जमतं, पण धोलावीरासाठी (वर म्हटलेलं हडप्पाकालीन शहर ते हेच) स्वतःची गाडी हवी.

मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर मिळतो. तिथे गाडीचा क्रमांक आणि सगळ्यांची नावं द्यावी लागतात. ओळखपत्राच्या छायाप्रती बरोबर असल्या तर रांगेत वेळ वाचतो. हा सगळा सीमेलगतचा भाग आहे, त्यामुळे सीमा सुरक्षा दलाच्या चौक्या, पूल आणि जवान यांचे फोटो काढायचे नाहीत आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. खावड्याच्या उत्तरेला इंडिया ब्रिज आहे, त्यापलीकडे खास परवानगीशिवाय जाता येत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे हे महाराष्ट्रातून निघताना डिकी भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

माणशी रोजचं चार लिटर पाणी धरा आणि त्याशिवाय दहा लिटरचा एक कॅन गाडीत कायम भरलेला ठेवा. स्टेपनीची हवा भुजमध्येच तपासून घ्या. पेट्रोल-डिझेलची टाकी भुजला आणि नंतर नखत्राण्याला पूर्ण भरा, 'पुढे मिळेल' या आशेवर निघू नका. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, कारण रणाच्या रस्त्यांवर मोबाइलची रेंज येते-जाते. गडद गॉगल, ओठांसाठी मलम, टॉर्च, दुर्बीण आणि मिठात खराब झाले तरी वाईट वाटणार नाही असे जुने बूट घ्या.

आणखी एक नियम, आणि तो मोडू नका: अंधार पडल्यावर बन्नीतून, म्हणजे रणाच्या दक्षिणेच्या गवताळ पट्ट्यातून, गाडी चालवायची नाही. बन्नीच्या म्हशी रात्री चरतात. दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा गारवा त्यांना मानवतो, म्हणून मालधारी, म्हणजे इथले गुरं पाळणारे लोक, त्यांना संध्याकाळी सोडतात. काळी म्हैस, काळा डांबरी रस्ता आणि दिवे नसलेला सपाट प्रदेश असं ते समीकरण आहे.

पहिला दिवस: भुज

आदल्या रात्रीच्या रेल्वेने सकाळी पोचलात तर अर्धा दिवस हाताशी असतो. भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन आधी बघा. २६ जानेवारी २००१ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपातल्या मृतांचं हे स्मारक २०२२ मध्ये खुलं झालं. डोंगरउतारावर पाणी अडवणारे छोटे तलाव बांधले आहेत आणि तिथे मृतांची नावं कोरली आहेत. कच्छ भूकंपाने किती वेळा उलटापालटा झाला हे इथे समजून घेतलंत तर पुढे लखपतला गेल्यावर संदर्भ लागेल.

आईना महाल आणि प्राग महाल शेजारी शेजारी आहेत, दोन तासांत होतात. कच्छ संग्रहालयात अंधौ गावात सापडलेले क्षत्रपकालीन शिलालेख ठेवले आहेत. त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास काढा. संध्याकाळी हमीरसर तलावाच्या काठावर फेरी मारा. हा तलाव भरून ओसंडला की भुजमध्ये सुटी जाहीर होते आणि मेघलाडू वाटतात. या गावाला पाण्याचं अप्रूप किती, ते यावरून समजा.

दुसरा दिवस: रणातला रस्ता आणि दगडाची झाडं

सकाळी सातला भुज सोडा. वीसेक किलोमीटरवर कर्कवृत्त ओलांडल्याची पाटी लागते. भिरंडियाराचा मावा प्रसिद्ध आहे, इथे थांबून चहा घ्या. रणाचा परवाना मात्र आज काढू नका, तो तारखेचा असतो आणि तुम्ही पांढऱ्या रणात परवा जाणार आहात. खावड्याला नाश्ता उरकून धोलावीराच्या रस्त्याला लागा.

पूर्वी धोलावीराला जायला भचाऊ-रापरवरून मोठा वळसा पडायचा. आता खावड्याहून थेट रणातून भरावावर बांधलेला रस्ता आहे आणि भुजपासूनचं अंतर सुमारे १३५ किलोमीटरवर आलंय. फोटोंमुळे हा रस्ता भलताच गाजला आहे. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करून फोटो काढणाऱ्यांपासून सावध राहा, तुम्हीही तसं करू नका. डांबराच्या कडेला भराव एकदम उतरतो आणि खाली मऊ चिखल आहे. चाक खाली गेलं की क्रेन येईपर्यंत काही तास जातात. थांबायचं तर जिथे भराव रुंद केला आहे तिथेच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंना पाणी असेल तर सकाळच्या वेळी रोहित पक्षी दिसण्याची शक्यता असते. जानेवारीनंतर त्याच जागी पांढरा पापुद्रा दिसतो.

धोलावीरा आहे ते खडीर बेटावर. 'बेट' हा शब्द इथे शब्दशः घ्या. पावसाळ्यात चारही बाजूंना पाणी असतं.

दुपारी जेवण झाल्यावर साडेतीनच्या सुमारास जीवाश्म उद्यानाकडे निघा. धोलावीरापासून दहा-बारा किलोमीटरवर रणाच्या काठाला वनखात्याने ते राखलं आहे. इथे पडलेले ओंडके लाकडाचे दिसतात, पण हात लावला की थंड दगड लागतो. ज्युरासिक काळात ही झाडं पडली आणि कुजण्याआधीच गाळाखाली गाडली गेली. हवा तुटल्यामुळे कुजणं मंदावलं आणि वाळूतून झिरपणाऱ्या सिलिकायुक्त पाण्याने लाकडाच्या पेशींची जागा कणाकणाने घेतली. उन्हाचा तिरपा कोन आला की ओंडक्याच्या तुटलेल्या तोंडाशी वाका. वलयं दिसतील, बाजूने धागे दिसतील, कुठे फांदी फुटली होती तिथली गाठही. नीट बघायचं असेल तर त्या तोंडावर थोडं पाणी शिंपडा, रेषा एकदम उठून येतात. नुसतं वरून चालत गेलात तर पाच मिनिटांत 'काही नाही, दगड आहेत' म्हणून परताल, आणि बरेच जण तसेच परततात.

तुकडा उचलून आणू नका. एका पर्यटकाने खिशात टाकलेल्या खड्याने काय फरक पडतो, हा विचार रोज शे-दोनशे जण करतात.

मुक्काम धोलावीरा गावात. राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, आधी फोन करून ठेवा. रात्री जेवणात बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक असेल.

तिसरा दिवस: धोलावीरा, सावकाश

उघडण्याच्या वेळेला दारात असा. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतींच्या कडा स्पष्ट दिसतात, अकरानंतर सगळं एका रंगाचं सपाट दिसू लागतं. सावली कुठेच नाही. पूर्ण फेरीला अडीच ते तीन तास लागतात. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे तिसरा दिवस शुक्रवारी येणार नाही अशी तारीख धरा. गावातले मार्गदर्शक घ्या. त्यांच्यापैकी काहींनी प्रत्यक्ष उत्खननात काम केलेलं आहे आणि कुठला दगड कुठे पडलेला होता ते त्यांना आठवतं.

या टेकाडाला गावकरी कोटडा म्हणतात. १९६७-६८ मध्ये जगत् पती जोशी यांनी त्याची नोंद घेतली, पुढे आर. एस. बिष्ट यांच्या देखरेखीखाली अनेक वर्षं उत्खनन झालं आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. वस्ती इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास सुरू झाली आणि सुमारे दीड हजार वर्षं टिकली.

आधी संग्रहालयात जा, कारण मुद्रा, मणी, वजनं, भांडी सगळं तिथे आहे, बाहेर फक्त वास्तू आहेत. मग या क्रमाने चाला.

पहिल्यांदा बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल. मोहेंजोदडोच्या स्नानगृहाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, हा तलाव त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. कडेला उभं राहून पायऱ्या कुठून उतरतात ते बघा. मग मागे वळून शहराचा उतार बघा. तटबंदीच्या आत पूर्वेकडून पश्चिमेकडे जमीन सुमारे १३ मीटरने उतरते. शहराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत, दोन्ही फक्त पावसाळी. ओढ्यांवर बंधारे घालून पाणी वळवलं आणि ते एका तलावातून दुसऱ्यात उतारानेच सोडलं. गोड्या पाण्याची एकही बारमाही नदी नसताना इथे शहर उभं राहिलं, त्याचं गुपित या उतारात आहे.

त्यानंतर बालेकिल्ला. पूर्व दरवाज्याशी घासून गुळगुळीत केलेल्या दगडी खांबांच्या बैठका आहेत. आत गेल्यावर जमिनीखालची मोठी गटारं दिसतील. मार्गदर्शक नसेल तर लोक त्यांना सांडपाण्याची गटारं समजतात. ती मुख्यतः पावसाचं पाणी गोळा करायला होती. बालेकिल्ल्यावर पडलेलं पाणीही वाया जाऊ द्यायचं नाही, असा तो हिशेब. मग विहिरीपाशी या आणि तिच्या काठावरच्या दगडाकडे नीट बघा. दोर घासून घासून त्यात खाचा पडल्या आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या आडाच्या काठावर असतात तशाच. साडेचार हजार वर्षं म्हणजे काय, हे कुठल्याही फलकापेक्षा या खाचांवर बोट फिरवायचा मोह झाला की कळतं. बोट मात्र फिरवू नका.

मग उत्तर दरवाजा. इथेच दहा मोठ्या अक्षरांची पाटी सापडली. जिप्समचे पांढरे तुकडे लाकडी फळीवर बसवून ती केली होती. लाकूड कुजलं, अक्षरं जमिनीवर पडलेल्या क्रमाने तशीच राहिली. मूळ अक्षरं जपण्यासाठी झाकून ठेवली आहेत, त्यामुळे दारात जाऊन 'पाटी कुठंय?' म्हणून हिरमुसू नका, तिचं चित्र संग्रहालयात बघूनच या. ती कोणालाही अजून वाचता आलेली नाही.

दरवाज्यासमोरचं लांबलचक मैदान, त्यापलीकडे मधलं शहर आणि खालचं शहर यांतून चालताना रस्त्यांची काटकोनी आखणी बघा. घरं विटांऐवजी दगडांची आहेत, कारण चांगला दगड हाताशीच होता. पश्चिमेला दफनभूमी आहे. तिथल्या एका अर्धगोल उंचवट्याखाली गाडीच्या चाकासारखे आरे असलेली रचना निघाली, पण आत सांगाडा मिळाला नाही. वेळ कमी असेल तर खालचं शहर वगळा, विहीर वगळू नका.

बारापर्यंत निघा. परत त्याच रस्त्याने खावडा गाठा आणि तिथून काळो डुंगर. सुमारे ४६० मीटर उंचीचा हा कच्छमधला सर्वात उंच डोंगर. वर दत्तमंदिर आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालायची प्रथा आहे. पुजारी ओट्यावर भात ठेवून हाक मारतो. कोल्हे येतीलच याची खात्री नाही. गर्दी, मोठा आवाज आणि फ्लॅश असला तर ते येत नाहीत, तेव्हा ओट्यापासून लांब शांत बसा.

वरून उत्तरेला पसरलेलं रण दिसतं. दुपारी धुरकट हवेत काहीच कळत नाही, म्हणून चार-साडेचारला पोचा. दुर्बिणीतून पाहिलं तर पांढऱ्या भागाची आणि चिखलाची सीमा स्पष्ट दिसते. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ते तापून पकड सुटते. चढावर बंद गाडी आपोआप वर जाते म्हणून लोक एका वळणावर थांबलेले दिसतील. आजूबाजूच्या उतारांमुळे डोळे फसतात, तो रस्ता तिथे खालीच उतरतो आहे. मोबाइलमधला लेव्हल मीटर रस्त्यावर ठेवला की वाद मिटतो. अंधार पडायच्या आत खावड्यात मुक्कामाला या.

चौथा दिवस: बन्नी आणि पांढरं रण

सकाळी होडको किंवा आसपासच्या गावात भुंगे, म्हणजे इथली गोल घरं, बघा. गोल मातीची भिंत आणि वर हलकं शाकारलेलं छप्पर. गोल भिंतीला कोपरे नसतात आणि डोक्यावर वजन कमी असतं, म्हणून भूकंपाचा हादरा तिला सोसतो. २००१ मध्ये बरेच भुंगे टिकले, चौकोनी दगडी घरं कोसळली. घरात शिरण्याआधी विचारा, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. भरतकाम आवडलं तर थेट करणाऱ्या बाईकडून घ्या. उलट्या बाजूने टाके बघितले की हाताचं आणि यंत्राचं काम लगेच वेगळं कळतं.

वाटेत दिसणारी काटेरी झुडपं म्हणजे गांडो बावळ, वेडी बाभूळ. मिठाची आगेकूच रोखायला ती लावली आणि तिने गवतच गिळायला सुरुवात केली. मालधाऱ्यांसमोर तिचं नाव काढा, तासभर ऐकायला मिळेल.

दुपारी भिरंडियाराला परवाना काढून धोरडोला जा. राहायची जागा मिळाली की साडेचारच्या सुमारास रणावर. ठरवून दिलेल्या भागातच चाला. मिठाचा थर दिसतो टणक, पण त्याची जाडी जागोजाग वेगळी असते आणि खाली काळा, दाट, कायम ओला चिखल असतो. टाच जोरात आपटली आणि आवाज पोकळ आला किंवा भेगेतून पाणी वर आलं तर मागे फिरा. गाडी नेण्याचा मूर्खपणा करणाऱ्यांची गाडी एकदा बसली की स्वतःच्या जोरावर निघत नाही, कारण चाक जितकं फिरतं तितकं खाली जातं.

गुडघ्यावर बसून जमीन बघा. मिठावर षटकोनी-पंचकोनी चौकटी उमटलेल्या असतात, त्यांच्या कडा किंचित उंचावलेल्या, बोटाने दाबल्या की करकरतात. फोटोत रण करडं येतं ही नेहमीची तक्रार. कॅमेऱ्याला एवढा पांढरा रंग 'जास्त उजेड' वाटतो आणि तो चित्र काळवंडवतो. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा. सूर्य मावळल्यावर लगेच पळू नका, सगळे तेव्हाच निघतात आणि वाहनतळावर कोंडी होते. अर्धा तास थांबलात तर गुलाबी आणि जांभळा प्रकाश तुमच्या एकट्याचा असतो.

पाचवा दिवस: निरोणा आणि छारी-ढंढ

निरोण्यात रोगण कला बघा. एरंडेल बराच वेळ उकळून लापशीसारखं घट्ट करतात, त्यात रंग मिसळतात आणि लोखंडी सळईने त्याची तार तळहातावर ताणत कापडावर नक्षी सोडतात. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडतात, दुसरा अर्धा भाग ठशासारखा उमटतो. सुई नाही, कुंचला नाही. याच गावात तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घंटा आणि लाखेची लाकडी कामंही होतात. घंटा घेताना कानाशी वाजवून घ्या, प्रत्येकीचा सूर ठोकून बसवलेला असतो.

दुपारनंतर फुलाय गावाकडून छारी-ढंढ. ढंढ म्हणजे उथळ तळं, छारी म्हणजे खारं. २२७ चौरस किलोमीटरचं हे पाणथळ क्षेत्र २००८ मध्ये संवर्धन राखीव झालं. कांड्या करकोचे इथे हजारोंनी उतरतात आणि त्यांचे थवे संध्याकाळी परतताना आधी आवाज येतो, मग रेषा दिसतात. पण हे सगळं पावसावर आहे. कोरड्या वर्षी तळं म्हणजे भेगाळलेली जमीन असते. निघण्याआधी निरोण्यात किंवा फुलायला 'ढंढमें पाणी है?' एवढं विचाराच. नसेल तर तो वेळ कडिया ध्रोला द्या, रंगीत खडकातून पाण्याने कोरलेली ती घळ सुंदर आहे, पण पोचायला काही अंतर पायी जावं लागतं आणि डोहांत पोहायला उतरू नये. मुक्काम नखत्राणा.

सहावा दिवस: मढ, लखपत, कोटेश्वर

टाकी भरून निघा. माता नो मढ हे आशापुरा मातेचं स्थान. नवरात्रात इथे पायी येणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात, तेव्हा हा दिवस टाळा. दर्शनानंतर गावाजवळच्या ओढ्याच्या कापात पिवळी, लालसर माती दिसेल. तिच्यात जॅरोसाइट हे खनिज आहे. पाणी आणि आम्ल यांच्या संगतीत ते तयार होतं. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी यानाला मंगळावर तेच सापडलं, म्हणून संशोधक या ओढ्यात येतात. देवीच्या रांगेत उभ्या असलेल्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं.

लखपतला तीनच्या सुमारास पोचा. सुमारे सात किलोमीटर लांबीची तटबंदी कच्छचा सेनापती जमादार फतेह महंमद याने १८०१ मध्ये उभारली. सिंधूचा एक फाटा इथे कोरी खाडीत उतरायचा, भातशेती पिकायची, बंदरात रोजची लाख कोरींची उलाढाल व्हायची म्हणून लखपत, असं सांगतात. कोरी हे कच्छ संस्थानाचं नाणं. सिंधच्या राज्यकर्त्यांनी वर बांध घालून पाणी आधीच कमी केलं होतं. १६ जून १८१९ च्या भूकंपाने उरलेलं काम केलं. रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा जमिनीचा उंचवटा उठला, अल्लाहबंद. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला, आणि फाट्याची वाट अडली.

आता आत मोजकीच घरं आहेत. गुरुद्वारात जा, डोकं झाका, लंगरात बसा. गुरू नानक मक्केच्या वाटेवर इथे थांबले होते असं मानतात, पादुका ठेवलेल्या आहेत. त्यानंतर सुफी संत घौस महंमद यांचा काळ्या दगडातला कबरीचा घुमट, आणि शेवटी उत्तरेच्या तटावर चढा. जिने झिजलेले आहेत, कठड्याचे दगड सुटे आहेत, मुलांचा हात धरा. समोर राखाडी पाण्याचा आणि चिखलाचा पट्टा. पहारा असेल तिथे जवानांना विचारून मगच पुढे जा.

काळोख पडायच्या आत सुमारे ३५ किलोमीटरवर नारायण सरोवर गाठा, तिथे धर्मशाळेची साधी सोय आहे. दोन किलोमीटर पुढे कोटेश्वराचं शिवमंदिर खाडीच्या तोंडाशी आहे. सूर्यास्ताला तिथे जमत नसेल तर पहाटे जा, भरतीची वेळ साधली तर पाणी पायथ्याला लागलेलं असतं.

सातवा दिवस: मांडवी आणि गाडीची आंघोळ

नारायण सरोवर ते मांडवी सुमारे १४० किलोमीटर. रुक्मावती नदीच्या काठावर लाकडी गलबतं बांधतात. फासळ्या उघड्या असलेलं अर्धं जहाज जवळून बघायला मिळतं, फक्त कारागिरांच्या वाटेत उभं राहू नका. दाबेली इथलीच, तेव्हा तिला दुपारच्या जेवणाची जागा द्यायला हरकत नाही. मांडवीहून भुज साठेक किलोमीटर.

फक्त चार दिवस असतील तर धोलावीरा, काळो डुंगर आणि पांढरं रण एवढंच करा. लखपत वेगळ्या दिशेला आहे, ते कोंबायला गेलात तर सगळी सहल गाडीच्या काचेतून होते.

भुजला पोचल्यावर गाडी परत करण्याआधी किंवा घरी निघण्याआधी तिचा तळ, चाकांच्या आतली बाजू आणि ब्रेकचे भाग गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवून घ्या. नुसतं बॉडी वॉशिंग पुरत नाही, मीठ खाली बसलेलं असतं आणि आठवडाभरात गंज धरतं. ट्रायपॉडचे पाय, बुटांचे तळवे, कॅमेऱ्याच्या बॅगेचा तळही ओल्या फडक्याने पुसा. बुटांच्या खाचांत अडकलेला काळा चिखल वाळला की दगडासारखा होतो, तो ओला असतानाच ब्रशने काढा.